ठोकळ्यांची आगगाडी आणि रुळांचे माप

रुळांची रुंदी बदलली म्हणजे काय काय बदलते, हे आपल्या भागातल्या माणसाला पुस्तकातून शिकवायला नको. हट्टा गावचा माणूस वसमतला, पूर्णेला नाही तर परभणीला जाऊन गाडी धरतो. आणि ज्यांचे केस हा प्रवास करता करता पांढरे झाले, त्यांनी 'छोटी लाईन' नि 'मोठी लाईन' दोन्ही पाहिल्या. निजामाच्या अमदानीत ह्या मुलखात लाईन आली ती मीटरगेजची. दोन रुळांत अंतर बरोबर एक मीटर. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला आणि तेच अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर झाले, म्हणजे सुमारे सव्वादोन फुटांनी वाढले. स्टेशनांची नावे तीच राहिली, गावे तीच राहिली. पण इंजिने आणि डबे मात्र एकजात निरुपयोगी ठरले. कुठे दुसऱ्या मीटरगेज मुलखात धाडले गेले, कुठे भंगारात निघाले. गाडी धडधाकट होती, तिच्या मापाचा रूळ उरला नाही.

हीच गोष्ट लहान मुलांच्या एका खेळण्यात घडते, आणि आज मी बोलणार आहे ते त्या खेळण्याविषयी. प्लॅस्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून घर, पूल, बैलगाडी करतात, तो खेळ आता आपल्या बाजारातही मिळतो. त्याच ठोकळ्यांची आगगाडीही होते. तिला रूळ असतात, मोटर असते. शहरातला कोणी पाहुणा किंवा शाळेचा माजी विद्यार्थी असा एखादा जुना डबा शाळेला देऊन जातो. दोन दिवस गाडी पळते, मग बंद पडते. दुकानदार म्हणतो, ह्या जातीची मोटर आता येत नाही, नवा संच घ्या. नव्या संचाची किंमत दहा हजार रुपयांच्या पुढे. शाळेच्या सादिल खर्चात हे कुठून बसणार? मग डबा कपाटावर चढतो आणि लेकरं खालून त्याच्याकडे बघत राहतात.

गुरुजी, तो डबा खाली काढा. गाडी मेलेली नाही. तिची मोटर जुनी झाली आहे, आणि गाडी नि मोटर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ह्या ठोकळ्यांचे मूळ डेन्मार्क देशात. बिलुंड नावाच्या गावी ओले कर्क ख्रिस्तियान्सेन ह्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे प्लॅस्टिक आले, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्याचा मुलगा गोटफ्रेड ह्याने आजच्या ठोकळ्याचे पेटंट मागितले. वरून गोल गुंड्या, आतून पोकळ नळ्या. गुंडी नळीच्या आणि भिंतीच्या मध्ये घट्ट धरली जाते, हे त्यातले मर्म. एका गुंडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी त्याच्या तिसऱ्या हिश्शाची, ३.२ मिलिमीटर. ही मापे त्या कारखान्याने आजतागायत सोडली नाहीत, म्हणून १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. पेटंटची मुदत कधीच संपली आहे. त्यामुळे इतर कारखान्यांचे स्वस्त ठोकळेही बहुधा ह्याच मापाचे असतात. बहुधा म्हणतो, कारण सगळेच नसतात. विकत घेण्यापूर्वी फूटपट्टी लावावी. पहिल्या गुंडीच्या मध्यापासून अकराव्या गुंडीच्या मध्यापर्यंत ८ सेंटिमीटर भरले तर माल घ्यावा, नाही तर ठेवून द्यावा.

आता मोटरीचे पाहा. ह्या लेगो कंपनीची पहिली आगगाडी १९६६ साली निघाली. तिला साडेचार व्होल्टची बॅटरी होती आणि ती गाडीवरच लादलेली असे. १९६९ साली बारा व्होल्टची गाडी आली. तिच्यासाठी दोन रुळांच्या मधोमध वीज नेणाऱ्या आणखी दोन पट्ट्या टाकाव्या लागत. १९९१ साली त्या पट्ट्या गेल्या आणि चालायचे रूळच धातूचे करून त्यांतून नऊ व्होल्ट सोडले. २००६ मध्ये पुन्हा बॅटरी गाडीवर चढली, रूळ नुसत्या प्लॅस्टिकचे झाले आणि गाडी टी.व्ही.च्या रिमोटसारख्या अदृश्य किरणांवर चालू लागली. २०१८ पासून ब्लूटूथ आले, म्हणजे हातातल्या मोबाईलवरूनही गाडी हाकता येते. साठ वर्षांच्या आत वीज देण्याची पद्धत इतक्या वेळा फिरली, आणि दर वेळी आधीच्या गाडीवाल्यांची पंचाईत झाली. ठोकळ्याचे माप मात्र ८ मिलिमीटर ते ८ मिलिमीटरच. ह्यातच आपली वाट आहे. जे माप टिकले त्याच्यावर गाडी बांधायची, आणि जे टिकत नाही ते काढता-घालता येईल असे ठेवायचे.

मोटर बदलायच्या आधी गाडीच्या शरीराचा विचार करू, कारण मुलांना खरी गोडी त्यात असते. संचातली गाडी परदेशी धाटणीची असते. 'गुरुजी, आपली गाडी करू' असे पोरे म्हणणारच. आपली म्हणजे कोणती? आजोबांची मीटरगेजची, की आजची?

ह्या खेळण्याच्या दोन रुळांत सुमारे साडेसदतीस मिलिमीटर अंतर असते. ते ब्रॉडगेज मानले, तर १६७६ ला ३७.५ ने भागावे. उत्तर ४५ च्या जवळ येते. म्हणजे खरी गाडी आपल्या गाडीच्या ४५ पट. ब्रॉडगेजचा डबा सव्वातीन मीटर रुंद. त्याला ४५ ने भागले की सुमारे ७२ मिलिमीटर, म्हणजे नऊ गुंड्या. आणि संचातली गाडी असते सहा गुंड्यांची, ४८ मिलिमीटर! म्हणूनच ती अंगाने रोडावलेली दिसते. आठ गुंड्यांची केली की तिला आपल्या गाडीचे रूप येऊ लागते. नऊ का नको, असे कोणी विचारील. नऊ ही विषम संख्या. ठोकळे बहुतेक दोन-दोन गुंड्यांचे असल्यामुळे मध्य साधत नाही. आठच बऱ्या.

आता तेच रूळ मीटरगेज मानून पाहा. १००० ला ३७.५ ने भागले की २७ च्या जवळ. मीटरगेजचा डबा सुमारे पावणेतीन मीटर रुंद असे. त्याला २७ ने भागले की १०० मिलिमीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ तेरा गुंड्या! मुलांना हे उत्तर खोटे वाटते. पण ज्याने जुनी गाडी पाहिली आहे त्याला विचारा. एक मीटरच्या रुळावर पावणेतीन मीटरचा डबा. दोन्ही अंगांनी पाऊण मीटरहून जास्त बाहेर. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन बाई बांधावरून चालते, तशी ती गाडी चालत होती आणि तशी ती वर्षानुवर्षे चालली. ब्रॉडगेजचा डबा रुळाच्या दुपटीलाही थोडा कमी आहे. रूळ रुंद केल्याने गाडीला भार आणि वेग जास्त का पेलतो, हे इथे भागाकारातून हाताला लागते. पाचवी-सहावीच्या वर्गात एवढे एक उदाहरण सोडवले तरी खेळण्याचे पैसे फिटले असे मी म्हणेन.

तेरा गुंड्यांची गाडी मात्र करू नये. ती वळणावर टिकत नाही. ह्या वळणाचे गणित मोठे मजेचे आहे. संचातले वाकडे रूळ सोळा जोडले की एक वर्तुळ पुरे होते. त्याची त्रिज्या ३२० मिलिमीटर. खऱ्या ब्रॉडगेजवर तीव्रातले तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे धरतात. त्याला ४५ ने भागले तर जवळजवळ चार मीटर येतात, म्हणजे वर्गखोलीत न मावणारे वर्तुळ. आपण मात्र गाडीला टेबलावर फिरवतो. तेव्हा डबा आखूड करणे भाग आहे.

किती आखूड? आधी एक शब्द. आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेचे कारागीर बोगी म्हणतात ती डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्याला. एका डब्याला अशा दोन बोग्या, आणि दोन्ही आपापल्या खुंटीभोवती फिरतात. समजा, दोन छकड्यांवर एक लांब वासा ठेवला आणि छकडे वळणाने निघाले. छकडे वाटेवर राहतील, पण वाशाचा मध्य वळणाच्या आतल्या बाजूला सरकेल. किती सरकेल ते काढायला दोन खुंट्यांतले अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागा. आपल्या रुळांवर त्रिज्येची आठपट म्हणजे २५६०. खुंट्यांत वीस गुंड्यांचे अंतर असेल तर १६० मिलिमीटर, वर्ग २५,६००, सरक बरोबर १० मिलिमीटर. हे चालते. अंतर दुप्पट करून ३२० घेतले तर सरक चौपट, म्हणजे ४० मिलिमीटर! रुळाचा अर्धा भाग १९ मिलिमीटरचासुद्धा नाही. डब्याचे पोट रुळाच्या बाहेर जाते, शेजारच्या सिग्नलला धडकते. खऱ्या डब्याचे माप ४५ ने भागून हुबेहूब डबा केला तर खुंट्यांतले अंतर ह्याहूनही थोडे जास्त येते. म्हणून हुबेहूबपणाचा हट्ट सोडावा. डबा तीस-बत्तीस गुंड्यांचा ठेवावा, दोन-तीन खिडक्या कमी कराव्यात. रंग आणि छपराचा बाक नीट साधला की डोळा फसतो. दुसऱ्या काही कारखान्यांचे मोठ्या त्रिज्येचे, ५६ गुंड्यांपासून १०४ गुंड्यांपर्यंतचे, वाकडे रूळ मिळतात. जागा नि पैसा असेल त्याने ते घ्यावेत.

इंजिनाची गोष्ट निराळी. जुन्या लाईनवर प्रवासी गाड्यांना वायपी जातीचे वाफेचे इंजिन असे. त्याला पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान. मधली सहा एका ताठ चौकटीत असल्याने वळणावर अडतात. उपाय असा की, मधल्या जोडीला कडा नसलेली चाके घालायची. ती रुळावर नुसती टेकतात, घासत नाहीत. लेगो कंपनीने २००९ साली एमराल्ड नाईट नावाचे वाफेचे इंजिन काढले त्यात अशीच बिनकडांची चाके दिली होती. पुढे आलेल्या वायडीएम-४ ह्या डिझेल इंजिनाला तीन-तीन जोड्यांच्या दोन बोग्या होत्या. तिथेही मधली जोडी सैल ठेवावी, म्हणजे ती आडवी थोडी सरकते.

वाफेचे काढून डिझेल, डिझेलचे काढून विजेचे, असा बदल मुलांना हवासा वाटतो. त्यासाठी दर वेळी इंजिन मुळापासून मोडू नये. खालचा सांगाडा, म्हणजे चाके, मोटर आणि बॅटरी, एक वेगळा भाग करावा. वरचे कवच दुसरा भाग. कवच सांगाड्यावर फक्त चार-सहा गुंड्यांत अडकावे, सगळ्या गुंड्यांत नको. सांगाड्याचा वरचा बाकी भाग गुळगुळीत पट्ट्यांनी झाकावा. असे केले की कवच टोपीसारखे उचलून निघते. एकाच सांगाड्यावर आज एक गाडी, उद्या दुसरी. आणि सेल बदलताना छप्पर फोडावे लागत नाही, हा रोजचा फायदा त्याहून मोठा आहे.

आठ गुंड्यांच्या रुंदीचा दुसरा लाभ इथे दिसतो. दोन बाजूंच्या भिंती एकेक गुंडी खातात. सहाच्या गाडीत आत चारच उरतात, आणि सहा बारीक सेलांची पेटी तेवढ्याच रुंदीची असते. तारेला वाट राहत नाही. आठच्या गाडीत आत सहा उरतात.

जुनी मोटर जळली असेल तर काय घालावे? विजेच्या सामानाच्या दुकानात पिवळ्या खोक्यातली, आत दात्यांची चाके असलेली मोटर मिळते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात चालत्या गाड्यांना तीच लावलेली असते. ती तीन ते सहा व्होल्टवर चालते आणि खेळण्याच्या मूळ मोटरीच्या मानाने अगदी स्वस्त. तिचा दांडा ठोकळ्यांच्या दांड्याच्या मापाचा नसतो, म्हणून दोन्हींवर लहान कप्प्या बसवून मध्ये रबरी पट्टा घालावा. पट्टा घातल्याने आणखी एक सोय होते. गाडी कुठे अडकली तर पट्टा घसरतो, मोटर जळत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. सेलांचे वजन चालत्या बोगीच्या बरोबर वर येऊ द्यावे. वजन नसले की चाके जागच्या जागी फिरतात.

सेलांबद्दल थोडेसे. साधा सेल दीड व्होल्टचा. सहा घातले की नऊ. पुन्हा भरता येणारा सेल सव्वा व्होल्टच्याही किंचित कमी, १.२ चा, सहा मिळून ७.२. म्हणून भरायच्या सेलांवर गाडी थोडी संथ धावते. ती बिघडलेली नाही, आणि वर्षभराचा हिशेब केला तर हेच सेल परवडतात. पिवळ्या मोटरीला मात्र सहा सेल लावू नयेत. भरायचे चार पुरेत. मोबाईलमधून काढलेल्या लिथियमच्या बॅटऱ्या मुलांच्या हाती देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तार तारेला लागली तर त्या पेटतात.

कोणाकडे १९९१ नंतरचे धातूचे रूळ असतील तर एक खबरदारी घ्यावी. त्या रुळांचा फास करून गाडी उलट दिशेने त्याच वाटेवर आणायची रचना केली, तर डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो आणि वीज सरळ एकातून दुसऱ्यात वाहू लागते. प्लॅस्टिकच्या रुळांना आणि गाडीवरच्या बॅटरीला ही अडचण येत नाही. म्हणून नवा मार्ग आखणाऱ्याने बॅटरीचीच गाडी करावी. जुने धातूचे रूळ नुसते रूळ म्हणून वापरता येतात, कारण रुळांची रुंदी कंपनीने बदललेली नाही.

दिवा लावल्याशिवाय आगगाडी पुरी होत नाही. एल.ई.डी.चे दोन पांढरे दिवे घ्या, एक पुढे, एक मागे. ते एकमेकांच्या उलट दिशेने जोडून दोघांमिळून ४७० ओहमचा एकच रोध घाला आणि ही जोडी मोटरीच्या तारांवर लावा. एल.ई.डी. वीज एकाच दिशेने जाऊ देतो. गाडी पुढे निघाली की पुढचा लागतो, उलटी निघाली की मागचा. एक पेटलेला असतो तोवर दुसऱ्यावर उलटा दाब फार येत नाही, त्यामुळे दोन्ही टिकतात. नऊ व्होल्टवर ह्या रोधातून १३ मिलिअँपिअरच्या आसपास वीज जाते. दिव्याला तेवढी सोसते. तारांना डाग देण्याचे काम मोठ्या माणसाने करावे.

ब्लूटूथवाल्या नव्या संचाविषयीही लोक विचारतात. मोबाईलवरून गाडी चालवण्यात गंमत आहे खरी, पण कंपनीने उद्या तो कार्यक्रम मोबाईलवरून काढून घेतला तर काय? ही शंका परदेशातल्या हौशी मंडळींनाही आली. त्यांतल्या काहींनी 'पायब्रिक्स' नावाचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला करून दिला. तो गाडीतल्या नियंत्रक पेटीत भरला की, अमुक सेकंद धाव, थांब, पुन्हा निघ, असे हुकूम मुले स्वतः लिहू शकतात. ज्या शाळेत संगणक आहे तिने हे जरूर करून पाहावे.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी ह्यांनी उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथल्या गाड्या ठोकळ्यांच्या नाहीत. पण सिग्नल, सांधे आणि गाड्या एकमेकींशी कशा बांधलेल्या असतात हे पाहायला सहलीत तिथे अर्धा दिवस ठेवावा. अरविंद गुप्ता ह्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी ह्यांतून केलेली खेळणी पुष्कळ शिक्षकांना माहीत आहेत. ज्यांच्याकडे ठोकळ्यांचा डबाच नाही त्यांनी तिकडून सुरुवात करावी. पुठ्ठ्याच्या डब्यावरही खुंटी नि वळणाचे गणित तेच राहते.

शेवटी ह्या डब्याच्या निगेविषयी. आपल्याकडचा उन्हाळा प्लॅस्टिकचा वैरी आहे. उन्हात राहिलेले पांढरे आणि निळे ठोकळे पिवळट पडतात आणि ठिसूळ होतात. पत्र्याच्या छपराखाली, खिडकीशी डबा ठेवू नये. धुवायचे झाल्यास कोमट पाण्यात साबणाने धुवावे. उकळत्या पाण्यात घातले तर ठोकळे वाकडे होतात आणि मग ते ८ मिलिमीटरचे राहत नाहीत. मोटर पाण्यात घालू नये. काळ्या मातीची धूळ आणि जमिनीवरचे केस चाकांच्या दांड्याला गुंडाळतात. गाडी कुरकुरू लागली की नव्वद टक्के दोष तिथे असतो. चाकांची जोडी ओढून काढावी, चिमट्याने केस सोडवावेत, दांडा कोरड्या फडक्याने पुसावा. तेल घालू नये, त्यात धूळ आणखी चिकटते. रूळ फरशीवर मांडण्यापेक्षा दोन बाकांवर एक फळी टाकून मांडले, तर हा त्रास निम्मा होतो आणि मागच्या रांगेतल्या मुलांनाही गाडी दिसते.